काठचं प्यादं

६ जानेवारी

आज एका इसमाने मला हरवलं आणि वर 'छान खेळलात' असं लिहिलं. हरवणं मी समजू शकतो, पण ही पाठ थोपटायची हौस कशाला? बरं, नाव काय तर 'भोपळा७७'. भोपळ्याकडून हरायची पाळी आली म्हणजे आता काहीतरी करायलाच हवं.

एका व्हिडिओतल्या गुरुजींनी सांगितलंय की ज्याला ऑनलाइन बुद्धिबळात वर जायचंय त्याने रोजनिशी ठेवावी. कसा खेळलो, कुठे चुकलो, आपला स्वभाव काय, सगळं प्रामाणिकपणे लिहावं. म्हणून ही वही. आजचं रेटिंग १३१२. जूनमध्ये मला पन्नास पूर्ण होतील, तोवर १५०० गाठायचे. शैली म्हणाल तर आक्रमक. वजीर लवकर बाहेर काढतो, घोडे उधळतो, स्वतःच्या राजाकडे ढुंकून बघत नाही. भित्र्या लोकांचा मला तिटकारा आहे. पटावरच्या आणि पटाबाहेरच्याही.

बायकोने विचारलं, "वही कसली?" म्हटलं, "तुला नाही कळायचं." ती मान हलवून तिचा युनिफॉर्म इस्त्री करत राहिली. तिचा हा एक गुण मला फार सोयीचा वाटतो. तिला फोड करून सांगत बसावं लागत नाही.

११ जानेवारी, रविवार

रविवार म्हणजे सासरेबुवा. चित्रकलेचे मास्तर होते, आता निवृत्त. सासूबाई गेल्यापासून तिकडे त्यांच्या गावी एकटेच असतात, आगगाडीने सात तासांवर. बायकोच्या आग्रहाखातर मी त्यांना साइटवर खातं उघडून दिलं. तिचं म्हणणं असं की निदान आठवड्यातून एकदा ते कुणाशी तरी दोन शब्द बोलतील. तेव्हापासून दर रविवारी संध्याकाळी दहा-दहा मिनिटांचे दोन डाव. टोपणनाव 'सावकाश_मास्तर'. निदान खोटं तरी बोलत नाहीत.

म्हाताऱ्यांचा एक खेळ ठरलेला. राजा कोपऱ्याशी नेऊन बसवला की त्याच्या समोरचं काठचं प्यादं एक घर पुढे. हल्ला असो वा नसो, कुणी त्यांचा हत्ती उचलून नेत असो, ते प्यादं सरकणार म्हणजे सरकणार. मी चॅटमध्ये विचारलं, "बाबा, ही चाल कशासाठी?" पाच मिनिटांनी उत्तर आलं (घड्याळ त्यांचंच चालू होतं), "राजाला खिडकी ठेवली, जावईबापू. कोंडून बसायला नको."

मी दोन्ही डाव जिंकलो. एक तर त्यांची वेळ संपली म्हणून. मग बायको माझ्या खांद्यावरून वाकून त्यांच्याशी टाइप करत बसली, जेवलात का, गोळी घेतलीत का. माझ्या पटावर!

२१ जानेवारी

१३४०. दुकानात दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, तेव्हा तीन डाव झाले, तिन्ही जिंकले. नंतर एकामागून एक चौघे डोळे तपासायला आले. हे लोक म्हणजे माझ्या सहनशक्तीची परीक्षा. यंत्रासमोर बसवून विचारावं, "ही काच बरी की ही?" तर म्हणतात, "परत एकदा दाखवता?" अरे, तुझे डोळे आहेत, तुला दिसतंय, बोलून टाक की. वीस वर्षं चष्मे लावतोय. माणूस खुर्चीत बसला की त्याचा नंबर मला निम्मा कळलेला असतो. बाकीचं सगळं नाटक.

३० जानेवारी

डाव नीट झाला नाही. घरातून व्यत्यय.

बायको अतिदक्षता विभागात नर्स आहे. तिकडे तिच्या वडिलांच्या गावी नवं नर्सिंग कॉलेज निघालंय, त्यांनी तिला शिकवायला बोलावलंय. नव्या मुलींना तयार करायचं, रात्रपाळी नाही. मार्चअखेर काय ते कळवायचं. हे सगळं तिने नेमकं माझा घोडा अडकलेला असताना सांगितलं.

"तुम्ही जर—" तिने सुरुवात केली.

"मी दुकान सोडून कुठेही येणार नाही," मी म्हणालो.

"तसं नाही. शनिवारी सकाळी एक गाडी असते, ती—"

"मला काय करायच्यात गाड्या?"

 ती स्वयंपाकघरात गेली. घोडा गेलाच.

ती काही जायची नाही. मी तिला ओळखून आहे. साधा पडदा बदलायचा तरी दुकानात तीनदा जाऊन येणारी बाई. आठवडाभर चेहरा पाडून फिरेल, मग कळवून टाकेल की घरच्या अडचणीमुळे जमत नाही. तेराशेच्या आतल्या खेळाडूची पुढची चाल जशी डोळे मिटून सांगता येते, तसं आहे हे.

९ फेब्रुवारी

आज मला प्रीमूव्हचा शोध लागला आणि इतकी वर्षं मी बैलगाडीतून हिंडत होतो असं वाटलं.

समोरच्याची चाल व्हायच्या आधीच आपण आपली पुढची चाल लावून ठेवायची. त्याचं बोट उठलं रे उठलं की आपली चाल आपोआप होते. घड्याळातला क्षणही खर्च होत नाही. तो बिचारा विचार करकरून खेळतो आणि समोर उत्तर तयार! धोका एकच: त्याने भलतंच काही खेळलं तरी आपली लावलेली चाल नियमात बसत असेल तर होतेच, मागे घेता येत नाही. पण भलतंच खेळायला डोकं लागतं. ते या लोकांकडे नाही.

तीन मिनिटांचे आठ डाव. सात जिंकले. १३८८.

१५ फेब्रुवारी, रविवार

सासरेबुवांना प्रीमूव्हने अक्षरशः दमवलं. ते चाल करतात, मी खेळून मोकळा. शेवटी त्यांनी लिहिलं, "जावईबापू, तुम्ही माझी चाल बघता तरी का?" मी लिहिलं, "गरज पडत नाही." त्यांनी हसरा चेहरा पाठवला. म्हाताऱ्यांना अपमान कळत नाही, बरंच आहे.

दुसऱ्या डावात मध्येच त्यांनी विचारलं, "मागच्या खोलीला रंग देतोय. पिवळसर. तुम्हाला डोळ्यांवर येणार नाही ना?" मी 'छान' असं लिहून ठेवलं. तिकडच्या खोलीचा आणि माझ्या डोळ्यांचा काय संबंध? वय झालं की माणूस काहीही बोलतो.

२४ फेब्रुवारी

१४३१! भोपळा७७ परत भेटला. अठ्ठावीस चालींत मात. मी मुद्दाम लिहिलं, 'छान खेळलात'. त्याने उत्तर दिलं, 'धन्यवाद, मजा आली'. असल्या माणसाला हरवण्यात राम नाही.

५ मार्च

दुकानात आज एक बसचा ड्रायव्हर भांडायला आला. महिन्यापूर्वी चष्मा नेलेला. म्हणाला, डोकं दुखतं, समोरच्या गाडीचे दिवे फुटतात. मी नेहमीप्रमाणे म्हणालो, "सवय होईल."

"सवय नाही होत साहेब. नंबरच चुकलाय."

"तुम्हीच सांगितलं होतं की ही काच बरी."

"मी कधी सांगितलं? तुम्ही विचारलंत, ही बरी की ही, आणि मी तोंड उघडायच्या आत 'दुसरी' म्हणून पुढची काच टाकलीत. मला वाटलं तुम्हाला यंत्रात दिसत असेल."

परत तपासलं. अर्ध्या नंबरचा फरक निघाला, डावा डोळा. होतं असं. पण हा माणूस बोलतो किती! प्रत्येक काचेला डोळे बारीक करून, मान तिरकी करून, हूं हूं करत अर्धा तास घेतला त्याने. त्या वेळात चार डाव झाले असते. नवा चष्मा मात्र विनातक्रार नेला आणि जाताना म्हणाला, "आता कसं, दिसतंय." दिसायलाच हवं.

(प्रामाणिकपणे लिहायचं ठरलंय म्हणून: त्यानंतर दोन गिऱ्हाइकांच्या वेळी मी उत्तर येईपर्यंत थांबलो. दोघांनीही माझ्या अंदाजापेक्षा वेगळं सांगितलं. योगायोग.)

१४ मार्च

बायकोला साफसफाईचं भूत चढलंय. स्वयंपाकघरातल्या एकूण एक डब्यावर चिठ्ठी चिकटवली. मीठ, साखर, डाळ. मी म्हटलं, "तुला आता दिसत नाही का? दुकानात ये, तपासून देतो." ती हसली नाही.

मग मला हाताला धरून कपडे धुवायच्या यंत्रापाशी नेलं आणि कुठली कळ आधी, कुठली नंतर, सगळं दाखवलं. दोनदा. पांढरे वेगळे, रंगीत वेगळे. मी 'हो हो' म्हणत मोबाइलवर डाव खेळत होतो. "काय सांगितलं मी?" तिने विचारलं. "पांढरे वेगळे," मी म्हणालो. बुद्धिबळ खेळणाऱ्या माणसाला हे कुणी शिकवायला हवं?

खेळात अशा चालींना काही किंमत नसते. काही सुचत नाही तेव्हा माणूस इकडचं मोहरं तिकडे करतो, तशातला प्रकार. कॉलेजला नाही म्हणायचं धाडस गोळा होईपर्यंत हे चालायचं.

१४५९.

२२ मार्च, रविवार

१४७७. सासरेबुवा आज खेळलेच नाहीत. लिहिलं, "सुतार आलाय. टेबलं बसवतोय." म्हातारपणी कसला एवढा संसार मांडतात कोण जाणे. बायकोने नवी मोठी बॅग आणली. जुनीची चेन गेली होती म्हणे.

२९ मार्च, रविवार

आज जे झालं ते लिहितानाही पेनाने कागद फाटतोय. रागाने.

पहिला डाव जिंकला. दुसऱ्यात मी काळी घेतली होती. माझा वजीर मोक्याच्या तिरप्या रेषेवर, सासरेबुवांचा राजा नेहमीसारखा कोपऱ्यात, आणि आश्चर्य म्हणजे आज त्यांनी ते काठचं प्यादं हलवलंच नव्हतं. मला वाटलं विसरले. दुसऱ्या बाजूला मी एक प्यादं फुकट ठेवलं. म्हातारा ते खाणार, मी वजीर थेट राजाच्या तोंडासमोर नेणार, पुढच्या चालीला मात. इतकं उघड होतं की मी बघायचीही तसदी घेतली नाही. वजिराची चाल लावून ठेवली.

तेवढ्यात बायको दारात आली. "मी त्यांना कळवलं," म्हणाली.

"बरं केलंस," मी म्हणालो.

"खरंच?"

"मग काय. उगाच लांबवत होतीस." मी पटावरून नजर काढली नाही. ती जवळ आली. मग तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला. कित्येक वर्षांत ठेवला नसेल. माझं लक्ष घड्याळाकडे होतं.

सासरेबुवांनी प्यादं खाल्लं नाही. ते काठचं प्यादं एक घर सरकवलं. बस्स. आणि माझा वजीर, मी लावून ठेवलेला, बरोबर त्या प्याद्याच्या तिरप्या घरात जाऊन उभा राहिला. प्याद्याने वजीर खाल्ला. मी स्क्रीन पुसून पाहिला. खाल्लाच होता.

डावानंतर साइटने लाल अक्षरांत लिहिलं: 'घोडचूक'. सासरेबुवांनी लिहिलं, "जावईबापू, तुम्ही स्वतःहून दिलात?" तिरकस बोलायला कधी शिकले?

दोष माझा नाही. त्यांनी प्यादं खायला हवं होतं. कुठल्याही शहाण्या माणसाने खाल्लं असतं.

असो. निदान कॉलेजचं झंझट एकदाचं मिटलं.

४ एप्रिल

मिटलं नाही.

बॅग भरलेली दिसली. म्हटलं, "किती दिवस जातेस बाबांकडे?"

तिने बॅगेची चेन ओढली. "तेराला रुजू व्हायचंय. अकराला निघते."

"रुजू? तू नाही कळवलंस ना!"

"मी होकार कळवला."

"मला सांगायचं नाही?"

"सांगितलं. तुम्ही म्हणालात, बरं केलंस." ती बॅगेवर बसली. "दोनदा विचारलं मी. तुम्ही म्हणालात, उगाच लांबवत होतीस. मला त्या रात्री किती बरं वाटलं तुम्हाला काय सांगू. वाटलं, इतक्या वर्षांत पहिल्यांदा ह्यांनी..."

मी बरंच काही बोललो. माणूस नवऱ्याला असं सोडून जातो का, या वयात शोभतं का, लोक काय म्हणतील.  माझं संपल्यावर ती म्हणाली, "झालं? आता भाजीला फोडणी टाकते."

नंतर तीन मिनिटांचे अकरा डाव. दहा हरलो. १३९८.

११ एप्रिल

गेली. स्टेशनवर गेलो नाही, दुकान होतं. शनिवारी तशी गर्दी असते. आज नव्हती.

१६ एप्रिल

१३२०. सगळे शर्ट फिकट गुलाबी झाले. पांढरे वेगळे काढले होते मी. त्यांत तिचा एक लाल रुमाल राहिला असणार.

कोण हे लोक? 'गरीबगाय', 'ताकपी', 'उशिराआलो'. यांच्याकडून मी हरतोय. खेळ कळत नाही, हल्ला करायची हिंमत नाही, नुसते बघत बसतात आणि मी चुकलो की खातात. यांची मला कीव येते. खरं तर नाही येत. मला यांचा राग येतो आणि माझा त्याहून जास्त.

१९ एप्रिल, रविवार

सासरेबुवा वेळेवर हजर. मी ठरवलं होतं, चकार शब्द लिहायचा नाही. त्यांनी मात्र पहिल्या चालीलाच लिहिलं, "ती बाजारात गेलीय. बरी आहे. मुली तिला घाबरतात म्हणते, पण खूश आहे."

मी घोडा काढला.

"खोली छान झाली," त्यांनी लिहिलं. "एक टेबल मात्र परत पाठवलं सुताराकडे."

का, हे मी विचारणार नव्हतो. विचारलं.

"तुमचं होतं. खिडकीशी लावलं होतं, पट मांडायला. तिचा बेत होता की तुम्ही शनिवारी सकाळच्या गाडीने यावं आणि रविवारी रात्रीच्या गाडीने परत जावं. दुकान एकच दिवस बुडतं. म्हणाली विचारते. मग इथे आल्यावर म्हणाली, ते नाही म्हणाले."

मी घड्याळाकडे बघत होतो. माझं चालू होतं.

मी कधी नाही म्हणालो? मागची पानं उलटली. तीस जानेवारी. मीच लिहिलंय, माझ्याच अक्षरात. 'तुम्ही जर', आणि पुढे मी. 'तसं नाही', आणि पुढे मी. माझा एक घोडा अडकला होता.

वेळ संपून हरलो. त्यांच्याविरुद्ध, वेळेपायी. सासरेबुवांनी लिहिलं, "नेट गेलं का?" मी लिहिलं, "हो."

२१ एप्रिल

प्रीमूव्ह बंद केलं. सेटिंगमध्ये एक खूण काढली की झालं, इतकं सोपं. दिवसभरात दोनच डाव खेळलो. समोरचा काय करतोय ते बघत बसणं हे महाभयंकर कंटाळवाणं काम आहे. एक जिंकला. जिंकल्यासारखं वाटलं नाही, कारण त्याने पंधराव्या चालीला असं काही खेळलं की मला ते स्वप्नातही सुचलं नसतं, आणि ते चांगलं होतं.

२९ एप्रिल

आज तिचा फोन आला. गेल्यापासून तिसरा. आधीचे दोन विजेचं बिल आणि गॅसबद्दल होते.

मी दुकानात होतो. खुर्चीत गिऱ्हाईक होतं, त्याला म्हटलं बसा जरा. बाहेर फूटपाथवर आलो.

इकडचं तिकडचं झालं. मग ती म्हणाली, "तुम्ही जर—"

माझं उत्तर तयार होतं. दहा दिवस तयार होतं. 'येतो' म्हणायचं होतं मला. टेबल नसलं तरी चालेल, मांडीवर पट घेऊन बसेन, खोली पिवळी असो नाहीतर काळी. शब्द ओठांवर आला होता. आणि मी तोंड दाबून धरलं. खरोखरच दाबून धरलं, रस्त्यावरचा माणूस बघत होता.

 मी वाट बघितली. ती काही बोलेना.

"बोल ना," मी म्हणालो.

"तुम्ही बोला."

"तूच बोलत होतीस. तुम्ही जर, पुढे?"

"हो, पण तिथे तुम्ही बोलता," ती म्हणाली. जरा हसली असावी. "पुढचं बोलायची मला सवयच नाही."

 असा प्रसंग माझ्यावर कधी आला नव्हता. मी नुसता उभा राहिलो आणि पहिल्यांदाच तिच्या श्वासाचा आवाज फोनवर इतका वेळ ऐकला. मी तिच्याशी वाईट वागलो. तिथे फूटपाथवर ते मला स्वच्छ कळलं आणि लाज वाटली.

मग ती म्हणाली, "तुम्ही जर कुरियरवाल्याकडे जाणार असाल, तर माझी निळी छत्री पाठवाल का? दाराच्या मागे राहिली."

छत्री. माझा 'येतो' तसाच तोंडात राहिला. बरं झालं बाहेर पडला नाही, आणि बरं झालं नाही.

"पाठवतो," मी म्हणालो.

आत आलो तर गिऱ्हाईक ताटकळलेलं. यंत्रात काच टाकली आणि विचारलं, ही बरी की ही? त्याने खूप वेळ घेतला. मी घेऊ दिला.

संध्याकाळी घरी येऊन छत्री काढली. लांब दांड्याची आहे, कुरियरच्या खोक्यात मावेलसं वाटत नाही. हातातून न्यावी लागेल. गाडी शनिवारी सकाळी असते, एवढं तिने सांगितलं होतं. किती वाजता, तेही ती सांगत होती.